डोक्यावरून जाणारी वीज : तिरोडा ते मुंबई, शंभर वर्षांची गोष्ट

आजचा भाग विजेच्या मोठ्या तारांवर आहे. हायवेने जाताना शेतांमधून हात पसरून उभे असलेले लोखंडी मनोरे दिसतात ना, त्यांच्यावर. विषय कोरडा वाटेल, पण थोडं थांबा. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय तो चार्ज झाला, त्यामागे या तारांची एक जुनी अडचण आहे आणि ती सोडवायला माणसांना शंभर वर्षं लागली. अजूनही ती पुरती सुटलेली नाही.

सुरुवात नागझिऱ्यापासून करू. नागझिरा म्हटलं की जुन्या जंगलवेड्या लोकांना आठवतो तो तिथला अंधार. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतलं हे जंगल १९७० साली अभयारण्य झालं, आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगावसोबत व्याघ्र प्रकल्प झालं. आत तलावाकाठी विश्रामगृहं आहेत, तिथे वर्षानुवर्षं वीजच नव्हती. कंदील घ्या आणि गप्प बसून ऐका, असा मामला. लोक मुद्दाम त्यासाठीच जायचे. व्यंकटेश माडगूळकरांनी तर या जंगलावर ‘नागझिरा’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं.

आता याच जंगलाच्या कडेचा तिरोडा तालुका बघा. नागझिऱ्यात शिरायची चोरखमारा आणि मंगेझरी ही फाटकं या बाजूला आहेत. आणि याच तालुक्यात अदानी पॉवरचं औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे एकूण ३,३०० मेगावॉट. पहिला संच २०१२ मध्ये सुरू झाला, पाचवा २०१४ मध्ये. कोळसा रेल्वेने येतो, पाणी वैनगंगेचं, आणि तयार झालेली वीज मनोऱ्यांच्या रांगांवरून कोराडी, अकोला करत पश्चिमेकडे जाते.

हा सगळा भाग धानाचा. पावसाळी धान निघाला की ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे ते उन्हाळी धान लावतात, आणि त्याला पंप लागतो. शेतीच्या फीडरला वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधावरून पंपापर्यंत चालत जायचं. जंगलाला लागून असलेल्या शेतात रात्री चालणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला समजावून सांगायला नको. अस्वल, रानडुक्कर, बिबट, कधी वाघ.

मग तिथल्या कुणालाही प्रश्न पडणारच, की वीज आमच्या तालुक्यात तयार होते, आमच्या तालुक्यातून जाते, तर आम्हाला दिवसा का नाही? त्या मोठ्या तारेतूनच थोडी खाली घ्या ना!

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला दोन उत्तरं आहेत, एक तारेच्या स्वभावाचं आणि एक पैशाच्या हिशेबाचं. पहिलं उत्तर लांबचं आहे. त्यासाठी आपल्याला १९१५ सालच्या खोपोलीला जावं लागेल.

टाटांनी लोणावळ्याजवळ घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवलं, ते मोठ्या पाइपांतून खाली खोपोलीला सोडलं आणि त्यावर जनित्रं फिरवली. १९१५ मध्ये ही वीज सुमारे ७० किलोमीटरवरच्या मुंबईत पोचली आणि कापडगिरण्यांनी कोळशाची इंजिनं सोडून विजेच्या मोटारी लावायला सुरुवात केली. या लाइनचा दाब होता सुमारे एक लाख व्होल्ट. त्या काळात हे जगात कुठेही पुढारलेलं काम समजलं गेलं असतं.

एक लाख व्होल्ट कशाला? शाळेत याचं उत्तर शिकवतात. दाब वाढवला की तेवढीच वीज कमी करंटमध्ये जाते, करंट कमी म्हणजे तार कमी तापते, म्हणजे गळती कमी. उत्तर बरोबर आहे. खोपोली ते मुंबई या अंतराला ते जवळजवळ पुरेसंही आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांचं विजेच्या तारांबद्दलचं ज्ञान तिथेच थांबतं, आणि खरी गंमत पुढे आहे.

मधला इतिहास पटकन उरकतो. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी जूनमध्ये राज्य वीज मंडळ झालं. १९६२ मध्ये कोयनेची पहिली यंत्रं फिरली आणि २२० केव्हीच्या तारा मुंबईकडे निघाल्या. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, हजार व्होल्ट. तोवर वीज सह्याद्रीत तयार होत होती आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी खपत होती. अंतरं छोटी होती.

मग कोळशाची पाळी आली, आणि महाराष्ट्राच्या नकाशाची गोची पुढे आली. कोळसा आहे पूर्व टोकाला, चंद्रपूर-नागपूरकडे. मागणी आहे पश्चिम टोकाला, मुंबई, ठाणे, पुणे, नाशिककडे. कोराडीचे पहिले संच १९७४ च्या सुमाराचे. चंद्रपूरचा पहिला संच १९८३ चा, आणि १९९७ पर्यंत चंद्रपूर एकट्याने २,३४० मेगावॉटचं झालं. मधलं अंतर सातशे-आठशे किलोमीटर. त्याच्या पलीकडे, अगदी पूर्वेच्या कडेला, आपलं तिरोडा. कोळसा मालगाडीने मुंबईजवळ नेऊन तिथे जाळता आला असता, काही प्रमाणात नेलाही जातो. पण खाणीजवळ केंद्र बांधायचं आणि वीज तारेने न्यायची, हा मार्ग निवडला गेला. आणि इथे तारेने आपला खरा स्वभाव दाखवला.

आपण तारेला पाइप समजतो. पाइपात जास्त पाणी ढकललं तर पाइप फुटेल, तारेत जास्त वीज ढकलली तर तार तापेल, लोंबेल, शेवटी वितळेल. आखूड तारेच्या बाबतीत हे खरं आहे. लांब तार मात्र तापायच्या कितीतरी आधीच हात टेकते, आणि तिचं कारण वेगळंच असतं.

तिरोड्याचं प्रत्येक टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतं. साठने भागा, सेकंदाला ५०. हाच तो आपला ५० हर्ट्‌झ. ग्रिडला जोडलेली देशभरातली मोठी यंत्रं, कुणी कोळशावर, कुणी पाण्यावर, सगळी या एकाच ठेक्याला बांधलेली असतात. एकानेही ठेका सोडून चालत नाही.

आता शंकरपट आठवा. पूर्व विदर्भातल्या मंडळींनी पाहिलाच असेल. दोन बैल, एक जू, आणि सुसाट पळ. दोघांचा वेग एकच असतो, नाहीतर जोडी मोडेल. पण एक बैल वीतभर पुढे असतो, त्यामुळे जू किंचित तिरपं होतं. त्या तिरपेपणातूनच पुढचा मागच्याला ओढतो. विजेत अगदी हेच होतं. वीज पाठवणारं टोक आणि घेणारं टोक एकाच वेगाने फिरतात, पण पाठवणारं थोडं पुढे असतं, कोनाने पुढे. हा कोन जितका मोठा तितकी जास्त वीज वाहते.

पण एका मर्यादेपर्यंतच. कोन वाढत वाढत ९० अंशांवर गेला की वाहणारी वीज कमाल होते. त्यापुढे गेला तर वीज वाढत नाही, उलट घटते. इकडे टर्बाइनला वाफ तेवढीच मिळतेय, तिकडे ओझं हलकं झालं, म्हणजे यंत्र आणखी जोरात पळणार, कोन आणखी वाढणार, आणि बैल जुवातून सुटणार. कंट्रोल रूमच्या भाषेत, मशीन ‘आउट ऑफ स्टेप’ गेलं. तार तुटलेली नाही, तापलेलीही नाही, पण दोन टोकांचं नातं तुटलं.

आता यात अंतराचा काय संबंध? तारेतला करंट सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, त्यामुळे तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सतत उभं राहतं आणि कोसळतं, आणि त्या बदलालाच विरोध करतं. या विरोधाला रिअॅक्टन्स म्हणतात. तो वीज खात नाही, पण दर किलोमीटरला वाढत जातो. शंकरपटाच्या भाषेत सांगायचं तर लाकडी जुवाऐवजी रबरी जू लावल्यासारखं. जू जितकं लांब तितकं सैल, आणि तेवढ्याच ओढीसाठी पुढच्या बैलाला आणखी पुढे जावं लागतं. (उपमा इथवरच ताणतो. बैलाला ९० अंशाचं गणित लागू करायला गेलो तर पटवाले हसतील.)

हे गणित नीट कागदावर मांडण्याचं काम १९२० च्या दशकात झालं, आणि त्यात एक नाव फार मोलाचं आहे, एडिथ क्लार्क. अमेरिकेतल्या या बाईंनी १९१९ मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स पदवी घेतली. तिथून ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण इंजिनिअरची नोकरी कुणी देईना. जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांना काम मिळालं ते आकडेमोड करणाऱ्या मुलींवर देखरेख करण्याचं. तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, हिशेब करणारा माणूस, आणि बऱ्याचदा बाईमाणूस. लांब लाइनचे हिशेब भयानक किचकट असायचे, म्हणून क्लार्कनी ते झटपट सोडवायचं आलेखांचं एक साधन बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं. १९२२ मध्ये कुठे त्यांना इंजिनिअर म्हणून पद मिळालं. १९२६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे निबंध वाचला, तिथे निबंध वाचणाऱ्याही त्या पहिल्या बाई. विषय होता लांब लाइन किती वीज स्थिरपणे नेऊ शकते. आपल्या कोराडी-चंद्रपूरची अडचण त्यांनी पन्नास वर्षं आधी सोडवायला घेतली होती.

त्या सगळ्या गणिताचं सार एका ओळीत येतं. तारेतून जाऊ शकणारी वीज दाबाच्या वर्गाने वाढते आणि रिअॅक्टन्सने, म्हणजे अंतराने, घटते. दाब दुप्पट, तर वीज चौपट. अंतर दुप्पट, तर वीज निम्मी.

आपणच तिरोड्याचा हिशेब करून बघू. ढोबळ हं, तुमच्यात कुणी इंजिनिअर असेल तर कमेंटमध्ये कान धरू नका. ६०० किलोमीटरची ४०० केव्हीची एक लाइन धरा. रिअॅक्टन्स किलोमीटरला साधारण ०.३ ओहमच्या आसपास, म्हणजे सगळा मिळून १९० ओहम धरू. चारशेचा वर्ग भागिले १९०, आले सुमारे ८४० मेगावॉट. पण हे ९० अंशांवर, कड्याच्या टोकाला उभं राहून. तिथे कुणी राहत नाही. सुरक्षित राहायचं तर कोन ३० अंशांच्या आसपास ठेवायचा, आणि तिथे निम्मीच वीज जाते, सुमारे ४२० मेगावॉट. त्या तारेला उष्णतेच्या हिशेबाने ८००-९०० मेगावॉट झेपले असते. म्हणजे तार अर्धी थंड असतानाच आपल्याला थांबावं लागतं, फक्त कोनाच्या भीतीने. ३,३०० मेगावॉट असे न्यायचे तर अशी आठ सर्किटं लागतील.

आता दाब ७६५ केव्ही करा. ७६५ भागिले ४०० चा वर्ग येतो ३.६६. म्हणजे एका सर्किटमधून चारशेवीसऐवजी पंधराशेच्या वर. आठ ऐवजी दोन सर्किटांत बहुतेक काम झालं!

तिरोड्याला प्रत्यक्षात तसंच झालं. महाराष्ट्र ईस्टर्न ग्रिड पॉवर ट्रान्समिशन या कंपनीने तिरोडा, कोराडी, अकोला, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) अशा ७६५ केव्हीच्या दोन लाइन बांधल्या. सर्किटांच्या हिशेबात सुमारे १,२०० किलोमीटर, म्हणजे वाट साधारण ६०० किलोमीटरची. २०१४-१५ च्या सुमारास त्या पूर्ण झाल्या. शिवाय तिरोड्याहून वरोऱ्याकडे ४०० केव्हीची दुपदरी लाइन आहेच. दोनच्या दोन लाइन का, एक मोठी का नाही? कारण वीज पडून एक लाइन अचानक गेली तर तिचा भार उरलेल्या तारांनी क्षणात उचलायला हवा. बैल बदलायला वेळ मिळत नाही.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी यात एक गोष्ट महत्त्वाची आहे, जी सहसा कुणी सांगत नाही. लाइनखालची जमीन मोकळी ठेवावी लागते, झाडं वाढू देत नाहीत. दुपदरी ४०० केव्हीला हा पट्टा ४६ मीटर रुंद धरतात, आणि एकपदरी ७६५ केव्हीला ६४ मीटर. आठ सर्किटं ४०० ची म्हणजे चार दुपदरी लाइन, एकूण १८४ मीटर. ७६५ च्या दोन लाइन म्हणजे १२८ मीटर. आणि ७६५ चीच दोन्ही सर्किटं एकाच मनोऱ्यावर घेतली तर ६७ मीटर. मनोरा उंच आणि अक्राळविक्राळ दिसतो म्हणून लोक त्याला शिव्या घालतात, पण तेवढीच वीज लहान मनोऱ्यांवरून न्यायची तर जास्त शेतं आणि जास्त झाडं गेली असती. मोबदल्याचं भांडण वेगळं, ते खरंच आहे. ज्याच्या वावरात मनोऱ्याचे चार पाय रोवले जातात त्याला १२८ की १८४ याने काही फरक पडत नाही.

कोनाच्या कटकटीतून सुटायचा आणखी एक रस्ता होता, आणि तो महाराष्ट्राने तिरोड्याच्या बऱ्याच आधी धरला. एसीत ठेका आहे म्हणून कोन आहे. मग ठेकाच काढून टाकला तर? म्हणजे डीसी. चंद्रपूरला एसीची डीसी करायची, ७५२ किलोमीटर न्यायची, आणि भिवंडीजवळच्या पडघ्याला पुन्हा एसी करायची. ही लाइन १९९९ मध्ये सुरू झाली. दाब ५०० केव्ही, एक तार अधिक, एक उणे, आणि क्षमता १,५०० मेगावॉट. डीसीला रिअॅक्टन्स अडवत नाही, दोन टोकांना एका ठेक्यात राहायची गरज नाही. किती वीज पाठवायची ते इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. मग सगळीकडे डीसीच का नाही? कारण दोन्ही टोकांची रूपांतराची स्टेशनं अतिशय महाग असतात, आणि मध्ये अकोल्याला थोडी वीज उतरवायची म्हटलं तर पुन्हा तसंच एक महागडं स्टेशन. सरळ लांब पल्ल्याच्या गाडीसारखं आहे हे, मधल्या स्टेशनांवर थांबा नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीला आणखी एक विलक्षण जागा आहे. तिथे १,००० मेगावॉटचं डीसी स्टेशन आहे, पण डीसीची लाइनच नाही! एकाच आवारात एसीची डीसी होते आणि लगेच पुन्हा एसी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते उभं राहिलं, कारण तेव्हा पश्चिम भारताचा ठेका वेगळा आणि दक्षिण भारताचा वेगळा होता. थेट जोडले असते तर दोघांची ओढाताण झाली असती. म्हणून मध्ये हा दुभाष्या बसवला.

देश एका ठेक्यात यायला बराच वेळ लागला. २००३ मध्ये पश्चिम भारत पूर्वेला जोडला गेला, २००६ च्या ऑगस्टमध्ये उत्तर भारत. दक्षिण शेवटी, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइनने. म्हणजे देश ज्या तारेने एक झाला तिचं एक टोक आपल्या सोलापुरात आहे. पाठ्यपुस्तकात हे यायला हवं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण जू जितकं मोठं, तितकी जोडी मोडल्यावर पडझडही मोठी. जुलै २०१२. उत्तरेत पाऊस लांबलेला, पंप आणि एसी जोरात. पश्चिमेत पाऊस झालेला, वीज शिल्लक. त्यामुळे पश्चिमेकडून उत्तरेकडे विजेचा लोंढा चाललेला. मध्य प्रदेशातल्या बिना ते ग्वाल्हेर, पुढे आग्रा या वाटेवर ४०० केव्हीची एकच लाइन चालू होती. दुसरी मुद्दाम बंद ठेवलेली, का माहितीये? ती ७६५ केव्हीची करायचं काम चालू होतं म्हणून! ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास ती चालू लाइन बंद पडली. तार तुटली नव्हती, वीज पडली नव्हती, कुठे शॉर्ट नव्हता. भार इतका वाढला आणि दाब इतका घसरला की संरक्षण करणाऱ्या रिलेला वाटलं, लांब कुठेतरी फॉल्ट आहे, आणि त्याने लाइन कापली.

पुढे जे झालं ते कोनाच्या भाषेतच समजतं. जवळची वाट बंद झाल्यावर पश्चिमेची वीज उत्तरेला जायला निघाली पूर्व भारताला वळसा घालून. वळसा म्हणजे लांब जू. लांब जू म्हणजे मोठा कोन. काही सेकंदांत कोन हाताबाहेर गेला, उत्तर भारत ठेक्यातून सुटला आणि दिल्लीसकट अंधारात गेला. कसंबसं सावरलं, तर दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एक वाजता, पुन्हा तेच. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रिड गेले. सुमारे ४८,००० मेगावॉटचा भार आणि साठ कोटींच्या आसपास लोक. जगातली तोवरची सगळ्यात मोठी बत्ती गुल. महाराष्ट्र वाचला, कारण तुटताना पश्चिम ग्रिड आपल्या बाजूला सलग राहिला. १९६५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कसह अमेरिकेचा ईशान्य भाग असाच अंधारात गेला होता, आणि तिथेही सुरुवात रिलेच्या सेटिंगपासूनच झाली होती. तार कितीही जाड करा, शेवटी निर्णय त्या छोट्या डब्याच्या हातात असतो.

आपली वेळ २०२० मध्ये आली. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे दिवस, ऑनलाइन परीक्षा चालू. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या लाइन, कळवा-पडघे आणि खारघरकडच्या, एकामागून एक गेल्या. शहराने अशा वेळी स्वतःच्या केंद्रांवर बेटासारखं तगून राहायची योजना होती, पण आतली निर्मिती भाराला पुरली नाही आणि बेटही बुडालं. म्हणजे सातशे किलोमीटर नीट आलेली वीज शेवटच्या उंबऱ्यावर अडली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या मोठ्या तारेतून खाली का घेत नाहीत?

कारण ती तार घाऊक बाजारातली आहे. ७६५ केव्हीची वीज घरात येईपर्यंत ४००, २२०, १३२, ३३, ११ केव्ही अशा पायऱ्या उतरते आणि शेवटी गावातल्या डीपीवर तीन फेजला ४१५ व्होल्ट होते. मधल्या प्रत्येक पायरीला उपकेंद्र. गावाला हवे एक-दोन मेगावॉट, आणि तार नेते पंधराशे. एक-दोन मेगावॉटसाठी ७६५ चं उपकेंद्र म्हणजे घोटभर पाण्यासाठी धरणाला भोक पाडण्यासारखं. शिवाय ग्रिडमध्ये वीज एकत्र होते. गोंदियाच्या दिव्यात तिरोड्याची किती आणि कोराडीची किती, हे वेगळं काढताच येत नाही.

म्हणून रात्रीच्या पाळीला ती तार जबाबदार नाही. रात्रीची पाळी हा माणसांनी केलेला हिशेब आहे. दिवसा आणि संध्याकाळी मागणी जास्त, रात्री कमी. कारखाना, दवाखाना, रेल्वे यांचा भार सरकवता येत नाही. शेतीचा पंप सरकवता येतो, असं मानलं गेलं. २००५ नंतरच्या वर्षांत, राज्यात विजेचा तुटवडा असताना, ग्रामीण भागाने दिवसाला बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं, तेव्हा निदान वीजच नाही हे कारण होतं. तिरोड्यासारखी केंद्रं आल्यावर ते कारण मागे पडलं, पाळी मात्र राहिली. शेतीची वीज सवलतीची, त्यामुळे वितरण कंपनीला ती स्वस्त तासांतच द्यायची असते. कागदावर हा हिशेब जुळतो. पण कागदावर कोन मोजतात तशी रात्रीच्या बांधाची भीती कुणी मोजलेली नाही, आणि ती मोजली असती तर हिशेब वेगळा आला असता, असं माझं मत आहे.

आणि जंगलाला खरा धोका कुठल्या विजेचा, तेही बघा. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला ‘जय’ वाघ तुम्हाला आठवत असेल. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ मेला तो शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने. ती वीज ७६५ केव्हीची नव्हती, पिकाची राखण करायला सोडलेली साधीच वीज होती.

दिवसाच्या विजेचा सध्याचा तोडगा मात्र मजेशीर आहे, कारण तो शंभर वर्षांच्या या गोष्टीच्या बरोबर उलट्या दिशेचा आहे. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. गावाजवळच्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरवर काही मेगावॉटचे सौर पॅनल लावायचे आणि त्यांची वीज त्याच उपकेंद्रातून शेतीच्या फीडरला द्यायची. लाइन काही किलोमीटरची, त्यामुळे जू आखूड, कोन नगण्य. एडिथ क्लार्कच्या गणिताची गरजच पडत नाही. ऊन असेल तेव्हाच वीज, म्हणजे आपोआप दिवसाच. उन्हाळी धानाला पाण्याची खरी ओढ लागते ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि विदर्भात तेव्हा उन्हाची काय कमी!

ज्या फीडरवर हे काम झालं तिथे शेतकरी दिवसा पंप चालवतो. जिथे झालं नाही तिथे पाळी तशीच आहे, आणि या आठवड्यात रात्रीची असेल तर कुणीतरी आजही बॅटरी घेऊन निघालेला असेल. तुमच्या गावच्या फीडरला वीज दिवसा आहे की रात्री, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.